पाचवा रकाना

सेझिमला राग आला की भूक लागायची. त्या मंगळवारी इतिहासाच्या तासाला तिला इतका राग आला, की मधल्या सुट्टीची वाट न बघता तिने दप्तरातला पाव बाकाखाली मोडून खाल्ला.

राग फळ्यावरच्या आकड्यांचा होता. परदेशातली कुठलीशी संस्था दरवर्षी जगातल्या सगळ्या देशांना लोकशाहीचे गुण देते आणि मग यादी लावते, परीक्षेनंतर शाळेच्या दारावर लावतात तशी. तोलोगोन आगायनी, म्हणजे तोलोगोन सरांनी, त्या यादीतला आपल्या भागाचा तुकडा खडूने उतरवून काढला होता. किर्गिझस्तान एकेकाळी शेजाऱ्यांच्या कितीतरी वर आणि मग वर्षागणिक खाली, अजून खाली.

सेझिम उभीच राहिली. नववीपर्यंत ती हात वर करायलासुद्धा लाजायची, पण यंदा दहावीत आल्यापासून तिच्या तोंडाचं कुलूप कुठेतरी पडलं होतं आणि सापडू नये अशीच तिची इच्छा होती. कोण हे लोक, तिने विचारलं. नारीनला आलेत कधी? आम्ही राष्ट्राध्यक्ष पळवून लावलेत, कझाकांनी काय केलं, रस्ते गुळगुळीत केले? वर्ग हसला. आगायही हसले, पण मिशीतल्या मिशीत. ते म्हणाले, ती संस्था देशाची माहिती असलेल्या लोकांना प्रश्न पाठवते. निवडणूक खरी झाली का, वर्तमानपत्राला हवं ते छापता येतं का, कोर्टात दुबळ्याचं ऐकतात का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. मग बेरीज, मग सरासरी.

"म्हणजे आम्हाला विचारतच नाहीत," सेझिम म्हणाली.

"तुला विचारलं तर किती देशील?"

"चार."

"कशाला?"

"सगळ्याला."

आगायनी हातावरचा खडू झटकला. "मग तूच कर अशी एक यादी. देश जरा मोठा पडेल. तुझ्या गल्लीतली घरं घे."

टोमणाच होता तो. पण सेझिमला टोमणा ही आमंत्रणपत्रिका वाटायची. एप्रिलमध्ये सगळ्या जिल्ह्याच्या शाळांची प्रकल्प-स्पर्धा होती आणि पहिला नंबर येईल त्याला मे महिन्यात तीन दिवस बिश्केकला जायला मिळणार होतं. तिने त्याच संध्याकाळी दहा प्रश्न तयार केले. घरातले निर्णय कोण घेतं? निर्णय चुकला तर बदलता येतो का? घराबाहेर जायचं तर कुणाची परवानगी लागते? जेवताना सगळ्यांना बोलायला मिळतं का? टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात? कुणी कुणावर हात उगारतं का? असे दहा. दहा चोक चाळीस. नियमही केले आणि तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईने लिहिले. त्यातला तिसरा नियम होता, की प्रत्येक मोठ्या माणसाने आपलं उत्तर आपणच द्यायचं.

मग ती पंधरा दिवस गल्लीतल्या सात घरांमध्ये वही घेऊन हिंडली आणि प्रत्येक घरी चहा पिऊन पिऊन तिच्या पोटाचा समोवार, म्हणजे चहाचा बंबच झाला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने तिला सांगितलं, की आमच्याकडे पूर्ण लोकशाही आहे, मी ठरवतो आणि सगळे हो म्हणतात. त्याला तिने चौदा दिले. ट्रकवाल्या झामिर काकांनी आपल्या बायकोची उत्तरंही आपणच दिली, काकू दारातच उभ्या होत्या तरी. सेझिमने तिसऱ्या नियमाखाली त्यांच्या घराचे दोन गुण कापले आणि वहीत शेरा लिहिला, 'ही तर हुकूमशाही'. त्या घराला एकोणतीस मिळाले. सातांत दुसरा नंबर.

पहिला नंबर तिच्या स्वतःच्या घराचा. चाळीसपैकी सदतीस.

यात लबाडी नव्हती, असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्या घरी मतदान व्हायचं. खरंखुरं, हात वर करून. तिचे वडील, म्हणजे आके, निवडणुकीच्या वेळी शाळेतल्या केंद्रावर याद्या तपासायला बसायचे. ती सवय त्यांनी घरी आणली होती. छप्पर निळं रंगवायचं की हिरवं, मेंढा आता कापायचा की नौरूझच्या सणाला, सगळ्यावर मत. भाऊ एलदियार रशियात बांधकामावर होता, त्याला फोनवर घ्यायचे आणि त्याचाही हात पडद्यावर वर व्हायचा. गेल्याच महिन्यात एक मतदान झालं होतं. एलदियारच्या बायकोने, उलजानने, सुईणीच्या शिक्षणाची चारपैकी दोन वर्षं केली होती आणि लग्नानंतर ते सुटलं होतं. कॉलेजने कळवलं होतं, की स्पर्धेच्याच आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत नाव परत घातलं तर ठीक, नाहीतर पुढल्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. सकाळी आठला कॉलेज, म्हणजे पहाटेची धार कोण काढणार, गोठा कोण बघणार? पुढच्या वर्षी बघू, असं चार विरुद्ध शून्य मतांनी ठरलं होतं. 'महत्त्वाचे निर्णय मतदानाने' असं सेझिमने तक्त्यावर लिहिलं आणि हेच मतदान उदाहरण म्हणून दिलं. नावं न घालता, अर्थात.

घरात मोठी माणसं पाच. आकेनी सदतीस दिले, आईने, म्हणजे आपाने, छत्तीस, एलदियारने फोनवरून अडतीस, आणि सेझिमने कडक परीक्षक दिसावं म्हणून पस्तीस. पाचवा रकाना उलजानचा. त्या दिवशी सगळे दस्तरखानभोवती, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या जेवणाच्या कापडाभोवती बसले होते आणि उलजान नेहमीसारखी दाराजवळ समोवारपाशी होती, वाडग्या भरून देत होती, रिकाम्या घेत होती. तिला हाक मारावी असं सेझिमच्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात तिची स्वतःची चहाची वाडगी भरून पुढे आली आणि ती पिताना राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तक्ता रंगवायचा होता. वहिनीचं उत्तर आपल्याला माहीतच आहे, असं तिला वाटलं. आपण दोघी एका उशीवर झोपून हसतो, तिचे केस मी विंचरते, मला माहीत नसेल तर कुणाला? तिने पाचव्या रकान्यात सगळीकडे चार लिहिले, आणि फारच गोड दिसतंय म्हणून रिमोटच्या प्रश्नाला तीन केले. एकोणचाळीस.

स्पर्धा बुधवारी होती. आपा नवीन रुमाल बांधून आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. शेजारी उलजान, मांडीवर परीक्षकांसाठी तळलेल्या बोरसोकांचं, कणकेच्या फुगीर तुकड्यांचं पातेलं घेऊन. सेझिम बोलली आणि काय बोलली! म्हातारा आणि त्याची पूर्ण लोकशाही सांगितली तेव्हा सभागृह हसून हसून कोसळलं. झामिर काकांचे दोन गुण का कापले ते सांगितलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आपल्याला पंख फुटलेत आणि ते कुणालाच दिसत नाहीत याचंच नवल.

मग प्रश्न. कोचकोरच्या शाळेची एक बारीक मुलगी उठली, अदेल नावाची, चष्मा नाकावर घसरलेला. तिने तक्त्याकडे बोट केलं आणि साध्या आवाजात विचारलं, या घरात सुनेचे गुण सासूपेक्षा जास्त कसे? सासूचे छत्तीस, सुनेचे एकोणचाळीस. माझ्या बघण्यात असं घर नाही, म्हणून विचारते. ही उत्तरं तिने स्वतः दिलीत का?

या क्षणी सेझिमला खरं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं, 'राहून गेलं'. पण सभागृह अजून उबदार होतं, आणि अदेलचा तो चष्मा, आणि बिश्केक. तिचे कान तापले आणि तोंड आपोआप चालू झालं.

"ती इथेच बसलीय. तिलाच विचारा की."

सगळ्या माना वळल्या. उलजानने पातेलं सावकाश खाली ठेवलं, रुमाल कपाळावर ओढला आणि उभी राहिली. तिने सेझिमकडे पाहिलं नाही. तिने शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं, एवढंसं, आणि मग परीक्षकांकडे.

"हो," ती म्हणाली. "मीच दिलेत गुण. आमच्या घरी सगळं चांगलं आहे."

टाळ्या पडल्या. आपाने डोळे टिपले. मागे भिंतीला टेकून उभे असलेले तोलोगोन आगाय मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते. सेझिमला पहिलं बक्षीस मिळालं. ती फोटोत हसली. तो फोटो पुढे कितीतरी दिवस शाळेच्या जिन्यातल्या फलकावर होता, आणि त्या जिन्याने जायचं ती टाळायची.

बाहेर पडताना आगायनी तिला थांबवलं. ती ओरडा खायला तयार होती, तिला तो हवाच होता. पण ते फक्त म्हणाले, की मी वीस वर्षं मतदान केंद्रावर बसतोय. सगळ्यांसमोर उभं करून विचारलं की लोक चारच देतात पोरी. बिचारे ते यादीवाले खरं-खोटं कसं ओळखतात, हे मला अजून कळलेलं नाही. आणि आपली टोपी घालून ते चिखलातून निघून गेले.

घरापर्यंत उलजान तक्त्याची गुंडाळी काखेत धरून चालली. वाटेत ती रोजच्यासारखंच बोलत होती, नदीचं पाणी चढलंय, पीठ संपत आलंय. सेझिमला वाटत होतं, हिने एकदा भांडावं. घरी पोचल्यावर आपा शेजारणींना बातमी सांगायला गेली आणि दोघी स्वयंपाकघरात उरल्या. उलजानने बाह्या सारल्या आणि संध्याकाळच्या शेवयांची कणीक तिंबायला घेतली.

"जेंगे," सेझिम म्हणाली, वहिनीला ती तशीच हाक मारायची, "तू खोटं का बोललीस?"

सुनेने सासरच्यांची नावं घ्यायची नसतात, धाकट्या नणंदेचंही नाही. म्हणून उलजान तिला पहिल्या दिवसापासून चिमणे म्हणायची.

"खोटं होतं का ते, चिमणे? मला काय माहीत," ती म्हणाली. "प्रश्न काय होते तेच मी वाचलेले नाहीत."

सेझिमला आता कळलं. ज्या कागदावर आपण सही केली नाही, जो आपल्याला कुणी दाखवला नाही, त्याची जबाबदारी घेऊन ही बाई भरल्या सभागृहात उभी राहिली होती. आणि उभं तिला मीच केलं होतं.

"मग तसं सांगायचं ना तिथे."

"आपा शेजारी होत्या. तू मंचावर होतीस. तुझे पाय थरथरत होते, ते मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं." उलजानने कणकेवर मूठ दाबली. "मी काय सांगायला हवं होतं? तूच लिहून दिलं असतंस तर बरं झालं असतं."

हे ती रागाने म्हणाली असती तर सोपं होतं. तिने ते कणकेला सांगितल्यासारखं सांगितलं.

सेझिमने वही आणली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिने दारं लावली आणि पहिला प्रश्न वाचला, मग दुसरा. उलजान आधी हसली, नको म्हणाली, मग एकेक उत्तर देऊ लागली, हात न थांबवता. हात उगारतं का कुणी? नाही, कधीच नाही. चार दे, पूर्ण चार. पोटभर जेवायला? चार. माहेरी फोन? दोन लिही, आपा असल्या की लवकर ठेवते. निर्णय चुकला तर बदलता येतो का? त्याला ती एक म्हणाली. बाकी सहांना शून्य. रिमोटच्या प्रश्नाला तिने विचारलं, की तो कुठे असतो, मी पुसते तेव्हा तर टीव्हीवर असतो.

"आणि ते कॉलेजचं मतदान?" सेझिमने विचारलं. "तुला तेव्हा जायचं होतं?"

"तुम्ही चौघांनी हात वर केलेत. मी चहा ओतत होते. माझे दोन्ही हात गुंतलेले होते."

सेझिमला तो दिवस आठवला. आपला हात सगळ्यांत आधी वर गेला होता, तेही आठवलं. उलजान आठला कॉलेजला गेली तर पहाटेची धार कुणाच्या गळ्यात पडेल, हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलेलं होतं. तिने ते स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू मनात म्हटलं होतं आणि हात वर केला होता.

सगळे मिळून अकरा गुण झाले. उलजान पीठ आणायला गेली तेव्हा सेझिमने नवी बेरीज केली, पाचांनी भागलं. एकतीस पूर्णांक चार. तिने दोनदा तपासलं. घर तरीही गल्लीत पहिलंच होतं. अकरा गुणांची एक बाई सरासरीत विरघळून गेली होती, चहात साखर जावी तशी, आणि वरून बघणाऱ्याला काही दिसणार नव्हतं. सेझिमला तोंड लपवावंसं वाटलं, पण स्वयंपाकघरात ती एकटीच होती आणि स्वतःपासून तोंड कुठे लपवणार.

उलजान परत आल्यावर सेझिम म्हणाली, मी आत्ताच्या आत्ता आपाला सांगते, तुझ्यासाठी भांडते. उलजानने नकारार्थी मान हलवली.

"माझ्या वतीने आता काही बोलू नकोस, चिमणे. एकदा बोललीस ना."

संध्याकाळी उजेड होता तोवरच सगळे जेवायला बसले. आपाने बक्षिसाचं प्रमाणपत्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. एलदियारला फोनवर घेतलं होतं, तो रशियातून शिट्ट्या मारत होता. आके म्हणाले, आमच्या घराचा पहिला नंबर, पुढच्या निवडणुकीला केंद्रावरच्या सगळ्यांना सांगतो. जेंगेच्या वतीने बोलायचं नाही, हे सेझिमला कळलं होतं. पण आपल्या वतीने?

ती उठली, समोवारपाशी गेली आणि उलजानच्या हातातली वाडगी काढून घेतली. "तू बस जेंगे. मी ओतते." मग सगळ्यांकडे पाठ करून, कारण तोंड करून जमलंच नसतं, तिने सांगितलं, की पाचवा रकाना मी भरला होता. जेंगेला मी विचारलंच नव्हतं. आज तिथे ती मला वाचवायला उठली.

फोनमधली शिट्टी थांबली. आपाने आधी सुनेकडे पाहिलं, मग लेकीकडे. आकेंचा चेहरा उतरला, मतपेटी उघडल्यावर आत एक चिठ्ठी कमी निघावी तसा. त्यांनी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला.

"मग आता विचार," ते म्हणाले, आणि मग स्वतःच वळले. "सूनबाई, तुला काय हवंय?"

उलजान दस्तरखानाच्या कडेला बसली होती, पाहुणी बसते तशी, अर्धी उठलेली. रिकाम्या हातांचं काय करायचं तिला कळत नव्हतं. ती खाली बघून बोलली, पण बोलली.

"मला शुक्रवारी नाव घालायचंय. मला शिकायचंय."

कुणी नाही म्हणालं नाही. आपासुद्धा नाही. ती फक्त म्हणाली, आणि तिचंही काही खोटं नव्हतं, "माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. यांना सहाला निघावं लागतं. पहाटे धार कोण काढणार?"

उत्तर एकच होतं आणि ते समोवारपाशी उभं होतं. सेझिमला ते ठाऊक होतं. पहाटे पाच. नारीनची पहाट, जी मे महिन्यातही हाडात शिरते. रोज. दोन वर्षं. आणि बिश्केकचे तीन दिवस तर गेलेच, कारण गाय काही तीन दिवस थांबत नाही. तिने तोंड उघडलं. ज्या तोंडाने सबंध सभागृह हसवलं होतं, त्यातून आवाज येईना. तिने वाडगी भरली. ती आकेंना दिली. दुसरी भरली.

"राहू द्या आपा," उलजान म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

"मी काढीन," सेझिम म्हणाली.

आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला आणि चहा दस्तरखानावर सांडला. एलदियारने फोनमधून विचारलं, की हिला धार काढता येते का, आणि आके म्हणाले, शिकेल. बिश्केकचं काय, आपाने विचारलं. सेझिम म्हणाली, मी उद्या आगायना सगळं सांगते, पाचवा रकाना खोटा होता म्हणून. कोचकोरची ती चष्मेवाली जाईल, तिने प्रश्न बरोबर विचारला होता. आकेनी मान डोलावली आणि शुक्रवारी सुनेबरोबर कॉलेजला आपण स्वतः जाऊ म्हणाले. सगळं ठरलं. हात वर करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

सेझिमने तिसरी वाडगी भरली आणि दोन्ही हातांनी उलजानपुढे धरली. उलजानने ती घेतली आणि वर पाहिलं. सेझिमला आशा होती, की ती हसेल. ती हसलीही, थोडंसं. पण ते डोळे रागावलेले नव्हते, तसे फसलेलेही नव्हते. दोन वाडग्या भरायला जितका वेळ लागतो तितका वेळ तिची चिमणी गप्प राहिली होती. तो वेळ उलजानने मोजला होता, आणि तो मोजलाय हे सेझिमला कळलं होतं. मग उलजान चहा प्यायली.